घरचा माणूस, चाळीस गुण

पंचशीला मॅडमला कुणी विचारलं असतं, की आयुष्यात काय कमावलंत, तर तिनं लातुरातलं स्वतःचं घर दाखवलं नसतं, पीएच.डी. दाखवली नसती, आणि नवऱ्याची बँकेतली नोकरी तर नाहीच नाही. पर्समधून चार पानांचा एक अभ्यासक्रम काढून तिनं दुसऱ्या पानावर बोट ठेवलं असतं. घटक तिसरा, घरचा माणूस वर्गात. गुण चाळीस. सक्तीचा. ह्या 'सक्तीचा'पायी बाई नांदेडला विद्यापीठात अशी भांडली होती, की तिथले शिपाईसुद्धा अजून आठवण काढतात.

झालं असं, की नवं धोरण आलं आणि वरून हुकूम सुटला, पदवीच्या शेवटच्या वर्षाला एक तरी पेपर असा करा की त्यात पोरं मध्यभागी पाहिजेत, पुस्तक नको. अभ्यास मंडळावरच्या लोकांनी माना डोलावल्या आणि चहा मागवला. असे हुकूम येतात आणि जातात, जुन्याच अभ्यासक्रमाला नवं नाव दिलं की भागतं, हे सगळ्यांना पाठ होतं. पंचशीलानं मात्र ते खरं मानलं. समाजशास्त्र शिकवता शिकवता तिचे केस पिकायला आले होते आणि दरवर्षी तिला एकच गोष्ट टोचायची. किनवटच्या जंगलातनं, जळकोटच्या माळावरनं, शिरूर अनंतपाळच्या शेतातनं आलेलं पोरगं आपलं घर कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवून वर्गात येतं. आईबाप काय करतात विचारलं, की खाली बघतं. तिनं ठरवलं, आता घरालाच वर्गात आणायचं. प्रत्येकानं आपल्या घरातलं एक माणूस आणायचं, त्या माणसानं आपल्याला येणारी एखादी गोष्ट तासभर शिकवायची, आणि पोरानं ती नंतर आपल्या शब्दांत मांडायची. बस.

"छान आहे," मंडळाचे अध्यक्ष शिवलिंग सर म्हणाले होते. "पण ऐच्छिक ठेवा, मॅडम. एखाद्याची काही अडचण असते."

"ऐच्छिक ठेवलं की डॉक्टर-वकील बाप तेवढे येतील, सर. बाकीचे घरीच दडून राहतील. सगळ्यांना यावंच लागलं, तर कुणाला लाज वाटणार नाही."

"आणि ज्याला आईबापच नाहीत त्यानं काय करायचं?"

ह्यावर तिनं तिथल्या तिथं एक ओळ वाढवली. आईवडील नसतील किंवा येऊ शकत नसतील, तर विद्यार्थी ज्यांच्याकडे राहतो त्यांनाही घरचा माणूस धरावं. शिवलिंग सरांनी हात जोडले आणि सही करून टाकली. बाई ऐकायची नाही, हे त्यांना एव्हाना कळलं होतं.

आणि खरं सांगायचं, तर पेपर झक्कास चालला. जळकोटकडच्या शिवमचे वडील व्यंकटी आले, धोतराचा सोगा सावरत फळ्यापुढं उभे राहिले आणि दात बघून बैलाचं वय कसं ओळखायचं ते सांगून गेले. सुकन्याच्या आजीनं उशीला बाळ समजून त्याला न्हाऊमाखू घातलं, तेव्हा पोरं बाकं वाजवून हसली. तासानंतर शिवम बापाला कँटीनमध्ये घेऊन गेला आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्यासाठी चहा आणला. पंचशीला गॅलरीतून बघत होती. तिचे डोळे भरून आले. ह्याच्यासाठी तर भांडलो आपण, तिला वाटलं.

मग आली दीपमालाची पाळी.

दीपमाला भालेराव किनवटकडची. वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोरगी, प्रश्न विचारायला कधी मागं न राहणारी. बाप लहानपणीच गेलेला, आई गुणाबाई गावाजवळच्या आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. पंचशीलाला तिचं विशेष कौतुक होतं, आणि त्याचं कारणही सरळ होतं. दोघी बौद्ध. पोरीकडं बघितलं की पंचशीलाला आपलीच तरुणपणची वेणी दिसायची. तर ही दीपमाला एका दुपारी स्टाफरूमच्या दाराशी येऊन घुटमळली.

"मॅडम, मी ह्याच्याऐवजी दुसरं काही करू का? मोठा निबंध लिहिते. नाहीतर गावचं सर्वेक्षण करून देते."

"का गं? आई येत नाही म्हणते का?"

"येईल हो. तिला तर लई हौस. पण मॅडम, माझ्या खोलीचं जरा…"

पंचशीलानं पुढचं ऐकलंच नाही. तिला वाटलं, कळलं. आई स्वयंपाकीण, म्हणून पोरगी लाजते. ह्या लाजेशीच तर आयुष्यभर लढतोय आपण! "हे बघ दीपमाला, आपण लाजायचं नाही. आपल्या लोकांचे लाजायचे दिवस कधीच गेले. माझे वडील रेल्वेत रुळावर घण मारायचे. मी कुणापासून लपवलं? ताठ मानेनं सांगते." भाषण चांगलं झालं. पोरगी खाली मान घालून ऐकत राहिली आणि शेवटी "हो मॅडम" म्हणून निघून गेली. आता काय म्हणावं ह्या बाईला! पोरांना मध्यभागी ठेवणारा पेपर हिनंच लिहिला, आणि मध्यभागातली पोरगी स्वतःच्या तोंडानं बोलायला आली तर हिला ऐकून घ्यायला सवड नाही.

बरं, एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण नाही. चांगलं करायची खोड लागली की माणूस थांबत नाही. तिनं ऑफिसातून गुणाबाईंचा नंबर घेतला आणि फोन लावला.

"जयभीम मॅडम!" पलीकडून असा खणखणीत आवाज आला, की पंचशीलानं फोन कानापासून जरा लांब धरला. मागं भांड्यांची आदळआपट चालली होती. "दिपूचं काई झालं का?"

"काही नाही, गुणाबाई. तुम्हाला बोलवायला फोन केला. वर्गात येऊन तासभर शिकवायचंय."

"मी? मला काय येतं मॅडम शिकवायला? मी आपली भाकरी थापून राहिले हितं."

"तेच शिकवायचं. पोरांना कुठं येते भाकरी?"

"अगं बाई!" गुणाबाई हसली. पोटातून आलेलं हसू होतं ते. "कॉलेजात भाकरी! बरं, येते की. नांदेडला बहीण हाय, आदल्या दिवशी तिच्याकडं उतरते अन् सकाळच्या एसटीनं येते. दिपूला सांगू ना?"

"तिला नका सांगू. अडवेल तुम्हाला. लाजते जरा."

पलीकडं भांडी वाजत राहिली. "माझी लाज वाटती का तिला?"

"वय आहे हो ते. तुम्ही येऊन उभ्या राहिलात की जाईल सगळी."

"तुम्ही म्हणता तर येते," गुणाबाई म्हणाली. हसणं आता थांबलं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी पंचशीला खुशीत होती. दुपारी दोनचा तास. पोरगी आईला बघून आधी गोरीमोरी होईल, मग रडेल, मग गळ्यात पडेल, असं सगळं तिनं मनात रंगवलं होतं. आणि साडेअकराच्या सुमाराला दीपमाला स्वतःच स्टाफरूममध्ये आली, हसत.

"मॅडम, आज माझ्याकडून रेणुकाकाकू येणार. येसराची आमटी करून दाखवणारेत. कालपासून मसाला भाजून राहिल्यात, सगळी गल्ली शिंकतीय."

"रेणुकाकाकू कोण?"

"माझ्या घरमालकीण. मी त्यांच्याकडंच राहते ना. अभ्यासक्रमात तशी ओळ आहे, मॅडम. ज्यांच्याकडे राहतो त्यांनाही घरचा माणूस धरावं."

पंचशीलाच्या कपाळाला आठी पडली. "ती ओळ अनाथ मुलांसाठी आहे. धडधाकट आई असताना घरमालकीण कशाला आणायची?"

दीपमालाचं हसू मावळलं. तिनं मागं वळून पाहिलं. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं, तरी तिनं दार ओढून घेतलं.

"त्या दिवशी तेच सांगायला आले होते. मॅडम, लातुरात खोली शोधलीय का तुम्ही कधी? पहिल्या वर्षी माझे पाय तुटायची वेळ आली. पाटी असती, खोली भाड्याने देणे आहे. दार वाजवलं की आधी आडनाव. भालेराव म्हणलं की, कोणते भालेराव? खरं सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. अन् सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही. काकूंनी विचारलं तवा मी काहीच बोलले नाही. त्यांच्या शिरूर अनंतपाळकडं कुणी भालेराव आहेत म्हणे, मोठे शेतकरी. त्यांच्यातली का, म्हणल्या. मी मान हलवली. एवढंच केलं मॅडम. मान हलवली."

"अगं, मग माझ्याकडं यायचं होतंस! आत्ता चल. आजच सामान हलवू."

"अन् काकूंना काय सांगू?" पोरीचा आवाज चिरकला. "डेंग्यू झाला तवा माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्यात त्या. त्यांच्या ताटाला ताट लावून जेवते मी. सणाला त्यांच्या देवाला माझ्या हातचा निवद जातो. त्यांना कळलं तर खोली जाईल, ते जाऊ द्या. पण त्या म्हणतील, दिपे, तू मला फसवलंस. अन् फसवलंच की. मला झोप लागत नाही मॅडम. पेपर तोंडावर आलेत. तेवढे होऊ द्या फक्त. मग मी निघून जाते, त्यांना कळायचं पण नाही. पदवी हातात आली की मी कुणापुढं मान हलवणार नाही, बघा तुम्ही."

पंचशीलाच्या तोंडचं पाणी पळालं. लातुरात तिनं खोली कधी शोधलीच नव्हती. लग्न होऊन आली ती आपल्या वस्तीतल्या सासरच्या घरात, आणि तिथनं स्वतःच्या बंगल्यात. ताठ मान ठेवायला कुणाचं दार वाजवावं लागलं नव्हतं तिला. तिनं घड्याळाकडं पाहिलं. नांदेडहून सकाळची गाडी केव्हाच सुटली होती.

"दीपमाला," ती म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला ओळखू येईना. "मी तुझ्या आईला बोलावलंय. आज. दोनच्या तासाला."

पोरगी समोरच्या खुर्चीवर मटकन बसली. शिंदे सरांची खुर्ची होती ती, तिच्यावर पोरं कधी बसत नाहीत. टेबलावरच्या डस्टरकडं बघत ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

पंचशीलानं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. दीपमालानं आपल्या फोनवरून लावला. "प्रवासात ती फोन बंद ठेवती," ती म्हणाली. "चार्जिंग संपंल म्हणून."

"तास पुढं ढकलू. मी आजारी पडते."

"काकू निघाल्यासुद्धा असतील. शेजारच्या बायकांना सांगून ठेवलंय त्यांनी, कॉलेजात शिकवायला चालले म्हणून."

"मग तू त्यांना वर्गात घेऊन जा आणि तास सुरू कर. मी स्टँडवर जाते. आईला तिथंच गाठते आणि घरी नेते. फाटकात पाऊल पडू देत नाही तिचं. ऐकतेस ना?"

दीपमालानं मान हलवली. तिला तेवढंच येत होतं आता.

पंचशीलानं स्कूटी अशी हाणली, की चौकातल्या हवालदारानं शिट्टी फुंकली तरी मागं वळून पाहिलं नाही. डोक्यात एकच धोशा, एकदा गाठ पडू दे, एकदा गाठ पडू दे. स्टँडवर मार्चचं ऊन आणि माणसांची ही गर्दी. उदगीर, निलंगा, अहमदपूर, सगळ्या गाड्या होत्या, नांदेडची दिसेना. एक आली, तिच्या दाराशी ती उभी राहिली आणि उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडं बघू लागली. गुणाबाईंना तिनं एकदाच पाहिलं होतं, प्रवेशाच्या वेळी. ओळखू तरी येईल का? शेवटचा माणूस उतरला. दुसरी गाडी आली, त्यातही नाही. दोन वाजायला आले. तिनं एका कंडक्टरला धरलं.

"काका, नांदेडची सकाळची गाडी?"

"ती काय तिकडं रिकामी उभी. मीच घेऊन आलो मघाशी. कुणाला न्यायला आलात?"

"किनवटकडच्या एक बाई. हातात पिशवी असेल."

"कॉलेज कुठंय विचारत होती, तीच का?" कंडक्टरनं हात झटकला. "तिला नाक्यावरच उतरवली की मॅडम. तिथनं जवळ पडतंय म्हणलं."

चांगलं केलं होतं बिचाऱ्यानं. आज सगळेच चांगलं करायला निघाले होते.

कॉलेजचा जिना पंचशीला धावत चढली. वरच्या गॅलरीत आल्याबरोबर तिच्या नाकात येसरचा वास शिरला. वर्गाच्या दारात एक बाई पाठमोरी उभी होती. घडी मोडलेली नवी निळी साडी, काखेत पिशवी. चपला काढून तिनं दाराबाहेर नीट जोडीनं ठेवल्या होत्या. पंचशीलानं हाक मारायला तोंड उघडलं, पण तोवर आतून आवाज आला.

"या की आत. कोण पाहिजे?"

रेणुकाकाकू बोलत होत्या. टेबलापुढं पदर खोचून उभ्या, भरल्या अंगाच्या, कपाळभर कुंकू, हातात पळी. शेजारी दीपमाला, हातात मसाल्याचं ताट. गुणाबाईनं आत पाऊल टाकलं. लेक दिसताच तिचं तोंड उजळलं आणि सगळ्या वर्गाला जयभीम घालायला दोन्ही हात वर आले.

"मी दिपूची…"

तिनं लेकीकडं पाहिलं. दीपमालाचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातातलं ताट कलंडलं होतं आणि मिरच्यांची बी टेबलावर सांडत होती. आईकडं बघत राहिली ती. नको गं, आई, नको गं, असं ते बघणं होतं. वर्गातली पोरं एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघू लागली.

"आमच्या गावच्या आहेत," दीपमाला म्हणाली. "मावशी. शाळेत स्वयंपाकाला असतात."

दारात खिळून उभ्या राहिलेल्या पंचशीलाला वाटलं, भुई फाटावी आणि आपण पोटात जावं. गुणाबाईचे वर आलेले हात तसेच छातीशी थांबले. मग तिनं ते जोडले.

"नमस्कार," ती म्हणाली. खणखणीत आवाज कुठल्या कुठं गेला होता. "हाव, गावचीच हाय मी. हिला लहानपणी लई जेवू घातलंय."

"अगं बाई, मग बसा की! दिपीच्या गावचं माणूस म्हणजे आमचंच." रेणुकाकाकूंनी स्वतःची खुर्ची पुढं सरकवली. त्यांच्या आवाजात खोट नव्हती, हेच तर वाईट होतं. "हिच्या आईला म्हणं दम लागतोय, प्रवास झेपत नाही. म्हणून म्या आले. आता म्याच आई समजा हिची. काय गं दिपे?"

"हो काकू," दीपमाला म्हणाली.

"बरं केलंत," गुणाबाई म्हणाली. खुर्चीवर काही ती बसली नाही. मागच्या बाकावर, भिंतीकडेला जाऊन बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. पिशवीतून परातीची कड दिसत होती. किनवटहून परात आणली होती तिनं.

तास झाला. पंचशीलानं तो कसा घेतला, तिचं तिला ठाऊक. मसाल्यात धणे किती, पीठ कधी लावायचं, लग्नघरी येसर पातळ का ठेवतात, सगळं रेणुकाकाकूंनी रंगवून सांगितलं. पोरं हसली. मग दीपमालानं ते आपल्या शब्दांत मांडलं, आणि नेमकं मांडलं. फक्त मागच्या बाकाकडं एकदाही बघितलं नाही. शेवटी टाळ्या झाल्या. गुणाबाईनंही वाजवल्या.

पोरं पांगली तशा रेणुकाकाकू घाम पुसत मागं आल्या. "चला घरी जेवायला. एवढ्या लांबनं आलात, उपाशी कसं जाऊ देऊ? नाव काय म्हणलात?"

"गुणाबाई."

"आडनाव?"

भालेराव म्हणावं तर पोरगी उघडी पडणार. खोटं सांगावं, तर ही बाई जन्मात कधी खोटं आडनाव बोललेली नव्हती. तिनं पंचशीलाकडं पाहिलं. कॉलेजात पंचशीला मॅडम कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. रेणुकाकाकूंनाही. एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीत ती दरवर्षी पुढं असायची.

"माझ्या नात्यातल्या आहेत त्या," पंचशीला म्हणाली. "आमच्यातल्याच."

"असं, असं." रेणुकाकाकूंनी गुणाबाईच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. झटका देऊन नाही, सावकाश, पदर सारखा करायला घेतल्यासारखा. हसू तेवढंच राहिलं. "मग तुमच्याकडंच जेवतील की त्या. दिपे, चल गं, भांडी आवर."

गुणाबाई काही पंचशीलाच्या घरी गेली नाही. "परतीची गाडी मिळंल का?" एवढंच विचारलं. स्टँडवर दोघी बाकावर बसल्या. पंचशीलानं पाण्याची बाटली आणली, ती तशीच राहिली.

"किती मार्क पडले, मॅडम?"

"चाळीसपैकी चाळीस."

"म्हंजी त्या बाईला."

पंचशीलाला रडू आलं. भर स्टँडवर, विद्यार्थ्यांच्या गावात, ती तोंडाला रुमाल लावून रडायला लागली. "चुकलं माझं, गुणाबाई."

"चुकलंच तुमचं," गुणाबाई म्हणाली. रागानं नाही, जसं आहे तसं. "पोरगी मला बोलली असती, आई येऊ नको, तर आले नसते मी. तीन वर्षं कवा खोलीवर येऊ दिलं न्हाई तिनं, मला काय कळत न्हाई का? मी समजून घेतलं असतं. न आलेली आई बरी होती मॅडम. तुम्ही मला आणून नसलेली केली."

पंचशीलानं डोळे पुसले. एवढं वाचलं, एवढं शिकवलं, भांडून एक शब्द कागदावर आणला, आणि त्या शब्दानं ह्या बाईच्या तोंडातलं 'माझी लेक' काढून घेतलं. आता तो शब्द खोडायचा म्हटलं तरी पुढच्या वर्षीच खोडता येणार होता, आणि खोडून हिला काय मिळणार होतं?

तेवढ्यात दीपमाला आली. धापा टाकत, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आईपाशी येऊन उभी राहिली, पण जवळ बसली नाही. "काकूंनी जेवण दिलंय," ती म्हणाली.

गुणाबाईनं पिशवी उघडली. वापरून फेकायच्या कागदी ताटल्या, एकीवर एक उलटी घातलेल्या, वर दोरा. घरात स्टीलचे डबे असतील ना? असतीलच. पण डबा परत घ्यावा लागतो. गुणाबाईनं दोरा बोटानं चाचपला.

"तू कशात जेवतीस तिथं?"

"स्टीलच्या ताटात. काकूंसोबत."

"हाव का." तिनं पिशवीची गाठ मारली. "मग तसंच जेव. पेपर होईस्तोवर काई बोलू नको कुणाला. माझ्यासाठी तोंड उघडलंस तर बघ. फोन केलास की मात्र दार लावून घे अन् एकदा आई म्हणत जा. तेवढं पुरं मला."

आईच्या गळ्यात पडायला दीपमाला पुढं झाली, आणि तेवढ्यात नांदेडच्या गाडीचा पुकारा झाला. माणसं धावली. गुणाबाईनं पिशवी उचलली, परातीची कड पोटाशी धरली आणि गर्दीत शिरली. खिडकीशी जागा मिळाली तिला. गाडी मागं सरकू लागली तशी दीपमाला खिडकीखाली धावली.

पंचशीलानं चहूकडं पाहिलं. कॉलेजातलं कुणी नव्हतं. गल्लीतलं कुणी नव्हतं. सगळे परके, आपापल्या गाडीच्या घाईत. ओरड, पोरी, तिला वाटलं, आता तरी ओरड, इथं तुला कोण ओळखतंय!

दीपमालानं हात वर केला.

"मावशी," ती ओरडली, "पोचल्यावर फोन करा!"